शिवराजेश्वराचे मुखदर्शन
कर्ली नदी व सागर यांमधील देवबागच्या चिंचोळ्या भूमीवरून आम्ही मालवणास आलो आणि होडीने सिंधुदुर्गी गेलो. शिवछत्रपतींनी १६६४ साली आरंभिलेल्या या जलदुर्गात राजाराम महाराजांनी १६९५ साली शिवराजेश्वराचे मंदिर उभारले. येथील पाषाणमूर्तीस दाढी नाही; तिच्या मुखावर चांदीचा मुखवटा चढवितात.

दूर आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांतही सन्मान्य व्यक्तीचा काष्ठमुखवटा घडविण्याची परंपरा आहे. मुखवटा नाचतो, तेव्हा ती व्यक्ती स्वतः त्याच्या सोबत असते.

आमचा राजा आता असा सोबत उभा राहावयाचा नाही. ती रिकामी जागा भक्ताने आपल्या आचरणानेच भरावयाची. हात जोडताना एवढे स्मरले, तरच दर्शन घडले म्हणावे.