सेन्सर एरर आली? आधी हे तपासा

रस्त्यालगतच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात धूळ आणि शाईचे तुषार हेच सेन्सरचे मोठे शत्रू. कार्ड बदलण्याआधी मशीन बंद करून पुढच्या गोष्टी पाहा.

• एन्कोडर पट्टी : कॅरेजच्या मार्गावरची पारदर्शक पट्टी. तिच्यावर इंचाला बहुधा 150 किंवा 180 रेषा असतात. शाईचा एक डागही मोजणी चुकवतो. कॅरेज कडेला आदळतं. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. सॉल्व्हंट वापरू नका. त्याने रेषाच पुसल्या जाऊ शकतात.

• होम सेन्सर : खाचेतून पत्र्याची पट्टी गेली की प्रकाश अडतो आणि कॅरेज जागेवर आल्याचं मशीनला कळतं. खाचेतली धूळ काढा, पत्रा वाकलाय का पाहा.

• मीडिया सेन्सर : बहुधा परावर्तित प्रकाशावर चालतो. त्यामुळे काळा किंवा पारदर्शक मीडिया त्याला दिसत नाही. थेट ऊनही त्याला फसवतं.

• डेटा केबल : कॅरेजसोबत सतत वाकून झिजते. काढून पुन्हा घट्ट बसवा.

एका वेळी एकच बदल करा आणि एरर क्रमांक वहीत लिहून ठेवा. मेकॅनिकचा अर्धा वेळ तिथेच वाचतो.