मुलांची हार्मोन-तपासणी : लाळ काय सांगते, काय सांगत नाही

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानापर्यंत आलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं जुनं उदाहरण आपण पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण घरात याचा उपयोग काय?" त्याचं उत्तर आज देतो, आणि ते माझ्याच घरातलं आहे.

माझी नात आठ वर्षांची. आम्ही नेरूळला राहतो. वर्षभरात तिचं वजन बरंच वाढलं. तिच्या वर्गातल्या पालकांमध्ये तेव्हा एका तपासणीची चर्चा होती. मुलांच्या लाळेवरून हार्मोनचे दोष कळतात, सुई टोचावी लागत नाही, रडारड नाही. सूनबाईंनी किट मागवलं. रात्री अकरा वाजता कापसाची छोटी गुंडाळी मुलीच्या तोंडात दोन मिनिटं धरायची आणि नळीत टाकून झाकण लावायचं, एवढंच काम. त्या दिवशी सूनबाईंची रात्रपाळी होती, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी केलं. चार दिवसांनी अहवाल आला : कॉर्टिसॉल जास्त.

आता कॉर्टिसॉल म्हणजे काय? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्या हे हार्मोन तयार करतात. सकाळी उठायच्या सुमारास ते भरपूर असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होतं. कुशिंग नावाच्या आजारात रात्रीची ही उतरण होत नाही. म्हणून नमुना रात्री घ्यायचा. यात तर्क चांगला आहे, आणि मोठमोठ्या रुग्णालयांतही ही तपासणी वापरतात. म्हणजे कुणी आम्हाला खोटं औषध विकलं, असं अजिबात नाही.

पण अहवालानंतरचे बारा दिवस आमच्या घरात कसे गेले, ते सांगायला नको. सूनबाई रात्री उठून मुलीचा चेहरा बघायच्या, गोल झालाय का म्हणून. मुलगा इंटरनेटवर मेंदूतल्या गाठींबद्दल वाचत बसायचा. नातीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना सगळं कळतं. तिने मला विचारलं, "आजोबा, मी मरणार आहे का?"

मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी तिची उंची मोजली. शाळेच्या जुन्या नोंदी मागवून वाढीच्या आलेखावर ठिपके काढले. उंची व्यवस्थित वाढत होती. त्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुलांमध्ये कुशिंग असेल, तर वजन वाढतं आणि उंचीची वाढ मात्र मंदावते. नुसत्या खाण्यापिण्याने वजन वाढलेलं मूल सहसा उंचीत मागे पडत नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरात कुणी त्वचेला मलम लावतं का?"

मी हात वर केला. माझ्या बोटांना इसब आहे. रोज रात्री हायड्रोकॉर्टिसोन लावतो. आणि मंडळी, हायड्रोकॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलचंच औषधी नाव आहे, रेणू तोच. त्याच बोटांनी मी कापूस उचलून तिच्या तोंडात ठेवला होता. किटवरच्या सूचनेत हात लावू नये असं लिहिलं होतं, बारीक इंग्रजी अक्षरांत. चष्मा आतल्या खोलीत होता. पुढे दोन रात्री सूनबाईंनी हातमोजे घालून नमुने घेतले. दोन्ही ठीक आले.

चौतीस वर्षं मी हेत्वाभास शिकवले. हेत्वाभास म्हणजे जे कारण वाटतं पण कारण नसतं ते. त्यातला एक प्रकार 'असिद्ध'. डोंगरावर धूर दिसला असं वाटतं, पण ते धुकं असतं. म्हणजे मुळात हेतूच तिथे नाही. माझ्या नातीच्या बाबतीत झालं ते हेच. नळीत कॉर्टिसॉल होतं, तिच्या शरीरात ते जास्त नव्हतं. दुसरा प्रकार 'सव्यभिचार'. इथे हेतू खरा असतो, पण तो साध्याशिवायही सापडतो. समजा, मूल त्या रात्री घाबरलेलं होतं, आजारी होतं, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं होतं. कॉर्टिसॉल खरोखरच वाढलेलं असेल, पण कुशिंग नसेल. पहिली चूक नमुना नीट घेऊन टळते. दुसरी तशी टळत नाही. तिच्यासाठी पुन्हा तपासणी लागते, मुलाकडे बघावं लागतं.

आता लाळेतून हार्मोन कळतंच कसं, ते बघू. रक्तातलं बरंचसं कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून प्रवास करतं. थोडंच मोकळं असतं. हार्बर लाइनची गाडी डोळ्यांसमोर आणा. जागेला चिकटून बसलेला प्रवासी वाशीला उतरत नाही, दारापाशी मोकळा उभा असलेला उतरतो. तसं हे मोकळं कॉर्टिसॉल पेशींच्या भिंतीतून लाळेत उतरतं. आणि शरीरात काम करतं तेही हे मोकळंच. म्हणून या एका हार्मोनपुरती लाळ चांगली साक्षीदार आहे.

पण त्यावरून "लाळेने सगळे हार्मोन कळतात" म्हणणं म्हणजे एका साक्षीदारावरून सगळ्या खटल्यांचा निकाल लावणं. थायरॉइडचं बघा. थायरॉक्सिन ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना बांधलेलं असतं, आणि टीएसएच हा आकाराने मोठा रेणू. लाळेत यांचा भरवसा धरता येत नाही. आपल्या तुर्भ्यात थायरोकेअरची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे, देशभरातून तिथे नमुने येतात. थायरॉइडसाठी येतात ते रक्ताचेच.

आणि मुलांमध्ये चाळणी खरोखर कुठे लागते, तर ती थायरॉइडसाठीच. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी इतर बाळांसारखं दिसतं. तेवढ्यात मेंदूचं नुकसान सुरू होतं, ते नंतर भरून येत नाही. उपाय काय, तर रोज एक स्वस्त गोळी, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली. परळच्या वाडिया रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेच्या रक्ताच्या थेंबावर मुंबईत हे काम फार लवकर सुरू केलं. १९९४ मध्ये त्यांनी २५,२४४ बाळांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात २,८०४ बाळांमागे एकाला हा दोष होता. पुढे आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त बाळं तपासली, तेव्हा प्रमाण निघालं १,१३० मागे एक. मोजायची पद्धत कोणती, रेषा कुठे आखली, यानेही आकडा बदलतो. पण दोन्ही आकडे सांगतात की हा दोष विरळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला, त्याच्या यादीत हा दोष आहे, पण ऐच्छिक म्हणून. म्हणजे सुई नको म्हणून आम्ही पालक लाळेच्या किटवर पैसे खर्च करतो, आणि ज्या एका टोचणीने मूल वाचतं ती अजून सगळ्या बाळांपर्यंत पोहोचलेली नाही.

थोडं गणित करू. समजा, एखादा आजार दहा हजार मुलांत एकाला आहे. तपासणी त्या एकाला नक्की पकडते, पण निरोगी शंभरांतल्या पाचांनाही चुकून अडवते. दहा हजार मुलं तपासली, तर अडकली किती? खरं एक, खोटी जवळपास पाचशे. म्हणजे हातात 'जास्त' असा अहवाल असलेल्या पाचशे घरांपैकी एकाच घरात आजार आहे. मुलांमधलं कुशिंग तर याहून कितीतरी विरळ. तीच तपासणी डॉक्टरांनी आधी लक्षणं बघून निवडलेल्या दहा मुलांची केली, तर तिचा अर्थ बदलतो. तपासणी तीच, प्रश्न विचारण्याची जागा वेगळी.

मग लाळेचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. आयसीएमआरच्या त्याच पाहणीत ५,७६२ बाळांमागे एकाला ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष आढळला. कॉर्टिसॉल नीट बनत नाही, आणि काही बाळांच्या शरीरातलं मीठ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत इतकं कमी होतं की जीव जातो. त्याची चाळणीही टाचेच्या रक्तावरच करतात. पण निदान झाल्यावर या मुलांना आयुष्यभर औषध लागतं, आणि मात्रा बरोबर आहे का हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. तिथे घरच्या घरी, दिवसातून तीन वेळा लाळ देता आली, तर त्या लेकराच्या कितीतरी टोचण्या वाचतात.

डब्ल्यूएचओसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ मध्ये चाळणीचे निकष लिहिले. ते घरगुती भाषेत असे होतात : आजार गंभीर आहे का, लवकर कळल्याने काही फरक पडतो का, आणि अहवाल वाईट आला तर पुढे कुठे जायचं हे ठरलेलं आहे का? नमुना घेणं सोपं असावं हेही त्यात आहे, पण तेवढ्यासाठी तपासणी करा असं कुठेही नाही.

त्या ताईंना मी सांगेन, तुमच्या नातवंडाची उंची वर्षातून दोनदा दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडत जा, तारीख घालून. रेघ थांबली तर डॉक्टरांकडे जा. आणि घरी लाळेचा नमुना घ्यायची वेळ आलीच, तर आधी हात धुवा, चष्मा लावा, सूचना वाचा. नातीने आमच्या चौकटीवर माझीही उंची मांडली आहे. मी दोन सेंटिमीटर कमी झालोय म्हणते. पुढच्या वेळी उपमान प्रमाण घेऊ.