तसबिरींची ओळ आणि कोपऱ्यातील खुर्ची

१८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि तेथील शिळाछापाच्या, म्हणजे दगडी ठशांवरून एकेक रंग चढवत छापलेल्या, देवदेवतांच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती सजू लागल्या. सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात, तसबिरी दारावर ओळीने आणि किंचित पुढे कललेल्या टांगल्या जात, त्यामुळे सतरंजीवर बसलेल्यालाही त्या नीट दिसत. ही योजना आजच्या अनेक मांडण्यांहून अधिक विचारपूर्वक होती. खुर्ची आल्यावर बसणाऱ्याची नजर उंचावली, म्हणून कोपऱ्यात खुर्ची ठेवताना चित्रसमूहाचा मध्य त्याच नजरेला धरून ठरवावा आणि चौकटींमध्ये साधारण चार बोटांचे अंतर राखावे.