मेडिकलचा पहिला अहवाल अखेरचा मानू नका

आखाती देशांत नोकरीस निघालेल्या कारागिराला आधी मेडिकल द्यावे लागते. त्यात एचआयव्ही व हिपॅटायटिस सी यांच्या प्रतिपिंडांसाठी रक्त तपासतात. कर्ज काढून निघालेल्या माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की ‘अनफिट’चा शिक्का बसतो आणि घरावर आकाश कोसळते. परंतु एका चाचणीवरून रोग पक्का ठरत नाही, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

नळीवर भलतेच नाव पडते. किट योग्य थंडाव्यात ठेवलेले नसते. एलायझा चाचणीत प्लेट नीट धुतली नाही, तर निरोगी रक्तातही रंग उमटतो. कधी शरीरातील दुसरेच प्रतिपिंड चाचणीला फसवतात.

हिशेब करा. समजा, १००० जणांत २ रोगी आहेत आणि चाचणी निरोगी माणसांत शंभरात एकदा चुकते. मग सुमारे १२ अहवाल पॉझिटिव्ह येतील व त्यांतले १० खोटे असतील! म्हणूनच आपल्याकडे एचआयव्हीचे निदान तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी पक्के करतात.

उलट, लागण ताजी असेल तर प्रतिपिंड तयार होण्यास काही आठवडे लागतात व अहवाल निगेटिव्ह येतो. हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही प्रतिपिंड राहतात. विषाणू आहे की नाही, ते आरएनए चाचणीच सांगते.

तेव्हा अहवालाची प्रत मागून घ्या व डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते. ‘फिट करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला मात्र एक पैसाही देऊ नका.