जांभळाचं बी वाळवू नका, खाल्ल्या दिवशीच पेरा!

चिंचोटीत पावसाच्या तोंडावर जांभळं येतात आणि बिया सरळ कचऱ्यात जातात. फार हळहळ वाटते हो! हे बी सुकलं की संपलं. साधारण दोन आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून गर धुऊन काढा आणि त्याच दिवशी पेरा. खाली भोकं पाडलेली पिशवी, माती, थोडी वाळू, कुजलेलं शेणखत. बी दोन-तीन सेंटीमीटर खोल. ओल हवी, पाणी तुंबायला नको.

दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. कधी एकाच बीतून दोन-तीन रोपं निघतात! त्यातली काही थेट मातृवृक्षाच्या पेशींपासून झालेली, म्हणजे गुणांनी आईसारखीच असतात. म्हणून बी चांगल्या, गरदार फळाचंच निवडा.

फळाला आठ-दहा वर्षं लागतात. घाई असेल तर 'कोकण बहाडोली'चं कलम घ्या. ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात, आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीची. तिथल्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

जांभूळ अवाढव्य वाढतं. गॅलरीत रोपच करा. पुढच्या पावसाळ्यात ते मोकळ्या जागी, भिंत आणि विजेच्या तारांपासून लांब लावा.