गाण्याखालचा आवाज

जात्यावर ओवी म्हटली जाते तेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष ओवीच्या शब्दांकडे असतं. खाली जात्याची घरघर एका लयीत चालू असते. तिच्यावरच ओवीची चाल तोललेली असते, पण तिची आठवण कुणी काढत नाही. आजच्या गाण्यांत हे घरघरीचं काम बेस गिटार नावाचं वाद्य करतं. आज आपण ते वाजवणाऱ्यांची ओळख करून घेऊ.

साध्या गिटारला सहा तारा असतात. बेसला बहुधा चारच असतात, पण त्या जाड आणि लांब असतात. तार जितकी जाड आणि लांब, तितकी ती सावकाश थरथरते आणि आवाज खर्जात जातो. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, तर बेसची सुमारे ४१ वेळा. पूर्वी हा खर्ज माणसाएवढ्या उंच, उभं राहून वाजवायच्या वाद्यातून यायचा. अमेरिकेत १९५१ साली लिओ फेंडर यांनी खांद्याला अडकवता येणारं, विजेवर चालणारं बेस बाजारात आणलं आणि पुढे ते जगभर पोचलं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन ही गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनी होती. तिथे जेम्स जेमर्सन बेस वाजवायचे. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते तारा छेडत, पण त्यांचा बेस गाण्याच्या मागे नुसता ठेका धरून बसत नसे. तो गायकाशी बोलत राही. त्यांची तऱ्हा ऐकून जगातले कितीतरी वादक शिकले. इंग्लंडच्या बीटल्सचे पॉल मॅकार्टनी हे त्यांतलेच एक. पण जेमर्सन यांचं नाव त्या तबकड्यांवर बरीच वर्षं छापलंच जात नव्हतं. ते छापलं गेलं १९७१ साली. तोवर लोकांना गाणी पाठ होती, माणूस ठाऊक नव्हता.

त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के या बाई काम करत होत्या. घरची गरिबी, म्हणून लहान वयातच त्या गिटार शिकवून घरखर्चाला हातभार लावू लागल्या. पुढे पदरी मुलं असताना त्या स्टुडिओत गिटार वाजवत. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, तेव्हा त्यांच्या हाती बेस दिलं गेलं. त्यानंतर बेस हेच त्यांचं मुख्य काम झालं. खोलीत बहुतेक वेळा त्या एकट्याच बाई असत. त्यांनी सुमारे १०,००० ध्वनिमुद्रणांत वाजवलं असं म्हणतात. १९६९ साली त्यांनी बेस शिकवणारं पुस्तकही काढलं. हातातली कला त्यांनी कुलूपबंद ठेवली नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

आपल्या मुंबईची मोहिनी डे ही आजची नावाजलेली बेसवादक. वडील बेस वाजवायचे, त्यांच्याकडून ती अगदी लहानपणी शिकली. ए. आर. रहमान, झाकीर हुसेन यांच्यासारख्यांसोबत तिने वाजवलं आहे. तिचं नाव मात्र आज जगभरचे श्रोते घेतात.

यात आपल्या कामाचं काय? चांगला बेसवादक किती वेगाने बोटं फिरवतो यापेक्षा कुठे थांबतो आणि दुसऱ्याला किती जागा देतो, हे पाहावं. आपल्या गटातही कुणीतरी असंच काम करते. ती हिशेबाची वही लिहिते, बँकेत चकरा मारते, हप्ता थकलेल्या बाईच्या दारात जाऊन गोडीने बोलते. सत्कार मात्र अध्यक्षांचा होतो. पुढच्या बैठकीत कुणी कोणतं काम केलं, ते नावासकट वहीत लिहून ठेवा. कागदावर नाव नसलं की काम करणारी विसरली जाते. जेमर्सन यांच्या बाबतीत तेच झालं.

आणि एक करून पाहा. आवडतं गाणं मोठ्या स्पीकरवर किंवा कानात हेडफोन घालून लावा, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही. एकदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा शब्द सोडा आणि तळाचा आवाज ऐका. काय सापडलं, ते बैठकीत एकमेकींना सांगा.