इंजिनाखालची आगटी

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा सोलापुरात पहाटे पारा साधारण 15-16 अंशांवर असतो. मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या या गावाला तेवढा गारठाही पुरतो. मफलर निघतात, शेतात हुरड्याची आगटी पेटते आणि एक नेहमीची तक्रार कानावर येते : ‘थंडीमुळे ट्रॅक्टर सुरू होईना.’ उसाचा हंगाम ऐन भरात, ट्रॉल्या भरून उभ्या आणि सेल्फ मारला की इंजिन नुसतेच कण्हते. खापर थंडीवर फुटते. पण ती खरेच एवढी दोषी आहे का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. 15 अंशांची हवा मूळ जागेच्या सतराव्या हिश्शात कोंबली, तर ढोबळ हिशेबाने ती 500 अंशांवर जाते. उणे 20 अंशांची हवा मात्र 400 च्या थोडी पुढे जाऊन थांबते. म्हणजे बाहेर एक अंश उतरला की आत अडीच अंशांहून जास्त घट होते. डिझेल खरे तर याहून कमी तापमानालाही पेटते. पण पिस्टन वर टेकल्याचा क्षण इतका निसटता असतो की, तेवढ्यात त्याची वाफ होऊन पेट घ्यायला हवा तापलेलीच लागते.

थंडी आणखी दोन बाजूंनी घेरते. ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरते आणि नेमकी तेव्हाच बॅटरी दुबळी पडते. उणे 18 अंशांच्या आसपास तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. इंजिन सावकाश फिरले की दाबलेली हवा फटींतून निसटते, तिची उष्णता गार लोखंड शोषून घेते.

लडाखमध्ये हे रोजचे दुखणे. द्रासला पारा उणे 20 च्याही खाली जातो. साध्या डिझेलमधले मेण गोठते, फिल्टर तुंबतो. मग काही चालक टाकीखाली चक्क आगटी पेटवतात, जीव मुठीत धरून! इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले, पानिपतच्या रिफायनरीत तयार केलेले.

हीच आगटी सुरक्षितपणे इंजिनाच्या पोटात नेली की झाला ‘ब्लॉक हीटर’. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना 1949 मध्ये अशाच एका हीटरचे पेटंट मिळाले. तत्त्व आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या हीटरचेच. इंजिनभोवतीच्या कूलंटमध्ये विजेची कांडी बसते. तापलेले कूलंट हलके होऊन वर चढते, गार खाली येते आणि पंपाशिवाय लोखंड कोमट होते. कॅनडात गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर आणि वाहनतळावरचा प्लग हे नेहमीचे दृश्य. हीटर रात्रभर लावायचीही गरज नसते. निघण्याआधी दोन-चार तास पुरतात, म्हणून अनेक जण टायमर लावतात.

आता सोलापूरकडे वळू. ऑइलच्या डब्यावर ‘15डब्ल्यू-40’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. या दर्जाच्या ऑइलची गार इंजिन फिरवू देण्याची परीक्षा होते ती उणे 20 अंशांना! आपली पहाट तिच्यापेक्षा 35 अंशांनी उबदार. तेव्हा इथे ब्लॉक हीटरची गरज नाही. 15 अंशांना जे इंजिन कण्हते, त्याचे दुखणे बहुधा दुसरीकडे असते : थकलेली बॅटरी, गंजलेले टर्मिनल, जळालेला ग्लो प्लग (सुरू होताना आतली हवा तापवणारी कांडी) किंवा पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांतून निसटणारा दाब. उन्हाळ्यात हे सगळे खपून जाते. हिवाळा ते फक्त उघडे पाडतो.

म्हणून पुढच्या गारठ्यात सेल्फवर सेल्फ मारण्याआधी बॅटरी तपासून घ्या. इंजिन सुरू झाले की दहा मिनिटे जागेवर घुरघुरत ठेवू नका. थोडे थांबून हलक्या पायाने निघा, ते चालता चालता लवकर तापते. आणि आगटी? ती हुरड्यासाठीच राहू द्या.